घोड्याचा अनुस्वार

काकांना घोणस चावली तेव्हा मी बारावीत होते. दिवाळी होऊन चारेक दिवस झाले असतील. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पडलेली झावळ उचलायला ते वाकले आणि झावळीखालून कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला. घोणस आधी सांगून चावते म्हणतात. काकांनी ते सांगणं ऐकलं खरं, पण तोवर हात खाली पोचला होता.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी काकांचं थोडं रक्त एका कोरड्या काचेच्या नळीत घेऊन टेबलावर उभं करून ठेवलं आणि घड्याळाकडे बघितलं. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, कारण घोणशीचं विष रक्ताची गोठायची ताकदच संपवून टाकतं. मग सलाईनमधून सर्पविषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या गेल्या. पहाटे पुन्हा नळी तिरपी केली, तर आत जेलीसारखा गोळा बसलेला. डॉक्टर हसले, काकू रडल्या, आणि चौथ्या दिवशी काका घरी येऊन खुर्चीत बसले.

खरी गंमत (आता गंमत म्हणते, तेव्हा नव्हती) नवव्या दिवशी झाली. सकाळी काकांच्या अंगभर गांधी उठल्या. दुपारी गुडघे आणि मनगटं सुजली, संध्याकाळी ताप भरला. विष परत चढलं म्हणून घरात रडारड. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, विष नव्हे, औषध बाधलंय. हे औषध घोड्यात तयार होतं. घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं थोडं टोचत नेतात. घोड्याचं शरीर त्यावर उतारा बनवतं, आणि त्याच्या रक्तातून तो उतारा गाळून घेतात. उतारा येतो, पण त्याच्यासोबत थोडासा घोडाही येतो. आठ-दहा दिवसांनी माणसाच्या अंगाला त्या घोड्याचा वास लागतो आणि ते त्याच्यावर तुटून पडतं.

आजीने हे सगळं ऐकून घेतलं आणि शेजारणीला एका वाक्यात सांगितलं, "घोडो उठला गो ताच्या आंगांत." अंगात देव उठतो तसा घोडा. पाचेक दिवसांनी तो बसलाही.

या आजाराला सिरम सिकनेस म्हणतात. १९०५ साली फॉन पिर्के आणि शिक या दोन डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं. घटसर्पावर घोड्याचं सिरम, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेला असाच उतारा, टोचलेल्या मुलांमध्ये त्यांनी तो पाहिला होता. पुढच्याच वर्षी फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. आज कोळंबीपासून धुळीपर्यंत सगळ्याला आपण जो शब्द लावतो, त्याच्या जन्माशी घोडाच उभा आहे.

पुढे मी जीवशास्त्र शिकले, गोव्यात फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक शाळेत ते शिकवू लागले, आणि घोडा विसरले. तो परत भेटला एका वाचनात. १९८४च्या सुमाराची गोष्ट. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले अजित वार्की तेव्हा कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला होते. त्यांच्या एका रुग्ण बाईंच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणं थांबलं होतं. त्यावरचा उपचारही घोड्याच्याच सिरमचा. बाईंना सिरम सिकनेस झाला. काकांना झाला तोच. कुणीही गोळ्या देऊन पुढच्या रुग्णाकडे वळलं असतं. वार्की यांना प्रश्न पडला, की हे शरीर घोड्याच्या नेमक्या कशाला ओळखतंय? शोधता शोधता उत्तर मिळालं ते असं, की घोड्याची प्रथिनं तर परकी होतीच, पण त्या प्रथिनांच्या टोकाला चिकटलेली एक साखरही परकी होती. ती घोड्यात आहे, गायीत आहे, डुकरात, बकरीत, चिंपांझीतसुद्धा आहे. माणसात मात्र नाही.

या साखरेचं पूर्ण नाव एन-ग्लायकोलिल न्यूरॅमिनिक ॲसिड. मी तिला जीसी म्हणते. माणसात तिच्या जागी तिची सख्खी बहीण असते, एन-ॲसिटिल न्यूरॅमिनिक ॲसिड. ती एसी. वर्गात एसी म्हटलं की मुलं पंख्याकडे बघतात.

दोघी सियालिक ॲसिडच्या घराण्यातल्या. 'सियालॉन' म्हणजे ग्रीकमध्ये लाळ. स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ साली गायीच्या लाळग्रंथीतल्या चिकट पदार्थातून हा रेणू वेगळा काढला, म्हणून हे नाव. लाळ बुळबुळीत का असते याचं बरंचसं उत्तर या साखरेत आहे. आपल्या शेजारी वेंगुर्ल्याच्या समुद्रात जे खडक आहेत, तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी चिकटवतात. पूर्वेकडे याच जातकुळीतल्या पाकोळ्यांच्या निव्वळ लाळेच्या घरट्यांचं सूप करतात, आणि त्या घरट्यांच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा एसी असतं. त्या सूपाच्या हव्यासापायी वेंगुर्ल्याच्या खडकांवरचीही घरटी चोरीला गेली. वाळलेल्या थुंकीसाठी माणूस कड्यावर चढतो हे मुलांना सांगितलं की वर्गातला मागचा बाकसुद्धा जागा होतो.

पण सियालिक ॲसिडचं मुख्य काम लाळेत नाही, पेशीच्या अंगणात आहे. प्रत्येक पेशीवर साखरेच्या साखळ्या उभ्या असतात, रोपं उगवल्यासारख्या. त्या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकावर बहुतेक वेळा सियालिक ॲसिड बसलेलं असतं. बाहेरून येणारा जंतू असो की आपलाच पहारेकरी, पहिली गाठ पडते ती या टोकाशी.

आमच्याकडे नावाचं असंच आहे. पहिलं नाव कुणाचंही काहीही असेल, पण माणूस समोर आला की गोंयकार ऐकतो ते शेवट. कुठला 'कर' आहे ते. त्या 'कर'च्या गावात घराणं गेली साडेचारशे वर्षं राहिलेलंही नसतं. १५६०च्या सुमारास पोर्तुगिजांच्या जाचामुळे मंगेश देव कुशस्थळीहून झुआरी नदी ओलांडून प्रियोळला आले, माणसंही जिकडे वाट मिळाली तिकडे गेली, पण आडनावाच्या टोकाला जुना गाव चिकटून राहिला. समोरच्या माणसाचा कुळदेव कोण, त्याच्याकडे सोयरीक जमेल की नाही, हे सगळं आजी त्या शेवटच्या अक्षरांवरून ठरवायची. पेशीही थोडीफार तशीच ठरवते.

एसी आणि जीसी यांच्यातला फरक इतका लहान, की फळ्यावर काढून दाखवला तरी मुलांना दोनदा बघावं लागतं. एक ऑक्सिजनचा अणू, बस. जीसीत तो एक जास्त आहे. हा फरक शिकवायला मला फार वर्षं चांगली उपमा सापडत नव्हती. ती सापडली काकांच्या वहीत.

काका शिकले गोवा मुक्तीपूर्वी, फोंड्याकडच्या एका मराठी शाळेत. त्यांच्या कुळागराच्या हिशेबाच्या वहीत अजूनही 'नांव', 'गांव', 'कांहीं', 'आंत' असं लिहिलेलं सापडतं. १९६२च्या नव्या लेखननियमांनी मराठीतले हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आणि आमची पिढी 'नाव, गाव' लिहीत मोठी झाली. कोकणीत मात्र ते टिकले आहेत, कारण तिथे ते नाकातून ऐकूही येतात. म्हणजे एकाच घरात, एकाच टेबलावर, डोक्यावर टिंब असलेला गांव आणि टिंब नसलेला गाव. अर्थ तोच. पण मुद्रितशोधकाच्या डोळ्याला ते टिंब दिसल्याशिवाय राहत नाही.

जीसी म्हणजे डोक्यावर टिंब असलेलं एसी. सगळे सस्तन प्राणी, फार थोडे अपवाद सोडता, हे टिंब देतात. आपण देत नाही. सगळे प्राणी आधी एसीच बनवतात, मग एक विकर त्यातल्या काहींच्या डोक्यावर तो ऑक्सिजनचा अणू ठेवतं. त्या विकराच्या जनुकाला सीएमएएच म्हणतात. माणसातही ते जनुक आहे, पण मोडकं. वीस-तीस लाख वर्षांपूर्वी कधीतरी आपल्या पूर्वजात, जनुकांमध्ये इकडून तिकडे उड्या मारत फिरणारा एक तुकडा नेमका या जनुकात घुसला आणि ९२ अक्षरं गळाली. पोथीची नक्कल करणाऱ्याने एक ओळ गाळावी, आणि पुढच्या प्रत्येक नक्कलकाराने तीच प्रत समोर ठेवावी, तसं झालं. १९९८ साली हा बिघाड सापडला. निअँडरथलांच्या हाडांतही जीसी नव्हतं, म्हणजे ओळ त्यांच्या आणि आपल्या वाटा फुटायच्या आधीच गळालेली. चिंपांझीकडे मात्र पोथी पूर्ण आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण मला ती विलक्षण वाटते. ज्या प्राण्यांकडे जीसी मुबलक आहे त्यांच्याही मेंदूत ते जवळजवळ नसतं. यकृतात आहे, स्नायूंत आहे, रक्तात आहे, मेंदूत नाही. गाय असो वा उंदीर, मेंदूत सगळ्यांचं एसीच. का, याची अटकळ बरेच जण बांधतात. मी ती बांधत नाही.

टिंब गेलं ते बरं झालं की वाईट? याचं उत्तर शोधताना ताप आडवा येतो, आणि ताप म्हटला की गोव्याच्या माणसाला जुनं गोवं आठवतं. एके काळी लिस्बनशी तुलना व्हायची ते शहर हिवताप आणि पटकीने ओस पडलं. व्हॉइसरॉयने १७५९ साली पणजीला बिऱ्हाड हलवलं आणि १८४३ला राजधानीही अधिकृतपणे इकडे आली. आज तिथे चर्चचे मनोरे आहेत आणि मधल्या गल्ल्यांच्या जागी माड. हिवतापाच्या जंतूला तांबड्या पेशीत शिरायचं तर आधी पेशीच्या अंगणातल्या साखरेला धरावं लागतं. चिंपांझींना होणाऱ्या हिवतापाचा जंतू जीसीला धरतो. माणसाचा जीव घेणारा फाल्सिपेरम एसीला धरतो. २००५ साली वार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून मांडणी केली, की आपल्या पूर्वजांनी टिंब गमावलं तेव्हा त्या काळच्या हिवतापाच्या हाताला धरायला काही उरलं नाही. काही लाख वर्षं सुटका झाली असेल. मग गोरिलांकडून आलेल्या एका जंतूच्या कुळाने टिंब नसलेलं अक्षर वाचायला शिकून घेतलं.

मुदतीच्या तापाचंही तसंच. टायफॉइडचा जंतू जे विष सोडतो ते एसीला चिकटतं, जीसीला नाही, हे २०१४ साली सिद्ध झालं. म्हणून हा ताप माणसाचा खास. लहानपणी मला तो झाला होता आणि एकवीस दिवस मऊ भातावर काढले होते. आजी म्हणायची, कुणाची तरी नजर लागली. आता वाटतं, नजर जंतूचीच होती, आणि चांगली तीक्ष्ण होती. उलट बाजूने, ई. कोलाय जंतूच्या एका जातीचं विष जीसीवरच जास्त प्रेम करतं. म्हणजे आपल्याला ते लागूच नये. पण लागतं. कसं, तर ते टिंब आपण बाहेरून आणून अंगावर लावून घेतो. आणतो कुठून? ताटातून.

इथे आमचा रविवार येतो.

गोव्यातल्या हिंदू घरात आठवड्याचं गणित ठरलेलं. सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी. मधल्या दिवशी नुस्तं, म्हणजे मासे. रविवारी, परवडलं तर, शागोती. काकांकडे रविवारची शागोती बकऱ्याच्या मटणाची. खोबरं, खसखस, दगडफूल, जायपत्री भाजल्याचा वास पार रस्त्यापर्यंत. माझ्या शाळेतली ख्रिस्ती सहकारी नाताळनंतर डब्यातून डुकराच्या मांसाचं सोरपोतेल आणते, पावसाळ्यात चवरीस-पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि पाव. बीफ तिच्या घरी नेहमीचं. या सगळ्यात जीसी आहे. गोमांसात सगळ्यात जास्त, डुकराच्या आणि बकऱ्याच्या मांसात त्याखालोखाल, दुधात आणि चीजमध्ये थोडं. कोंबडीत नाही, अंड्यात नाही, भाजीपाल्यात तर प्रश्नच नाही. माशाच्या मांसात जवळजवळ नसतं, पण स्टर्जन माशाच्या गाबोळीत, म्हणजे श्रीमंतांच्या कॅव्हिअरमध्ये, भरपूर सापडलं. आमच्या बांगड्याच्या गाबोळीला कुणी प्रयोगशाळेत नेलं असेल असं वाटत नाही, आणि नेऊही नये.

खाल्लेलं टिंब खरंच अंगात राहतं का, हे पाहायला वार्की यांनी सरळ ते पिऊनच टाकलं. डुकराच्या लाळेतल्या चिकट द्रव्यातून शुद्ध केलेलं जीसी पाण्यात मिसळून त्यांनी आणि आणखी दोन सहकाऱ्यांनी घेतलं, आणि पुढचे दिवस स्वतःची लघवी, रक्त, लाळ, केस तपासत बसले. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. बरंचसं जीसी लघवीतून निघून गेलं, पण थोडं शरीरानं ठेवून घेतलं आणि स्वतःच्या साखळ्यांच्या टोकांना वापरलंही. पेशीच्या कारखान्यात एसी आणि जीसी एकाच पाटीतून उचलले जातात. तिथे टिंब बघणारं कुणी नाही. मग पहाऱ्यावर कोण आहे? रक्त. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या रक्तात जीसीविरुद्धची प्रतिपिंडं कमीअधिक प्रमाणात आहेत. ती कधी तयार होतात, तर उष्टावणानंतरच्या काही महिन्यांत. बाळाच्या पोटात गायीचं दूध किंवा मांसाचा अंश जातो, त्यातलं जीसी नाका-घशात राहणारा एक साधा जंतू उचलून स्वतःच्या अंगावर चढवतो, आणि बाळाचं शरीर त्या जंतूशी लढताना त्याच्या अंगरख्याशीही लढायला शिकतं. मग तो राग आयुष्यभर राहतो.

म्हणजे घोणशीच्या औषधाने काकांच्या अंगात घोडा पहिल्यांदा आला नव्हता. रविवारी दुपारी तो गेली पंचेचाळीस वर्षं येतच होता, बकऱ्याच्या रूपात, थोडा थोडा. पहारेकऱ्याला त्याची ओळख आधीपासून होती. नवव्या दिवशी तो एकदम आणि खूप आला, एवढंच. (काकांच्या गांधींना ही साखरच एकटी जबाबदार होती असं मी म्हणणार नाही. घोड्याची प्रथिनंही त्यात होती, आणि त्यांचा वाटा मोठा असेल.)

थोडा थोडा येत राहणाऱ्या घोड्याने काय होतं, हा खरा प्रश्न. पेशीने परकं टिंब लावून घ्यायचं आणि रक्ताने त्यावर रोज थोडं थोडं भुंकायचं. अशी मंद आच वर्षानुवर्षं राहिली तर पोटात, आतड्यात, रक्तवाहिन्यांत काहीतरी करपणारच, असा वार्की यांच्या गटाचा तर्क. उंदरांवर त्यांनी तो तपासला. सीएमएएच जनुक बंद केलेले उंदीर घेतले, त्यांना जीसी खाऊ घातलं आणि जीसीविरुद्धची प्रतिपिंडंही त्यांच्यात तयार केली. त्या उंदरांच्या यकृतात गाठी होण्याचं प्रमाण सुमारे पाचपट झालं. हा निष्कर्ष २०१५चा. २०१९ साली दुसरा आला. टिंब नसलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साधारण दुप्पट जमतात, आणि तेही जीसी खाल्लेलं नसताना. म्हणजे हृदयविकाराचं थोडं कर्ज आपण वीस लाख वर्षांपूर्वीच काढून ठेवलंय. मटण हे त्यावरचं व्याज.

वाक्य छान झालं, पण वर्गात मी ते म्हणत नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तांबड्या मांसावर संशय घेणारी दुसरीही मंडळी रांगेत आहेत. मांसातलं लोह, करपल्यावर तयार होणारी द्रव्यं, टिकवण्यासाठी घातलेले क्षार, चरबी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५च्या ऑक्टोबरात प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं आणि साध्या तांबड्या मांसाला 'बहुधा' म्हणून खालच्या पायरीवर बसवलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा तो हिशेब. माझ्या सहकारीणीने ते वाचून विचारलं, चवरीस म्हणजे प्रक्रिया केलेलंच ना? मीठ, व्हिनेगर, ऊन आणि धूर लागलेलं. म्हटलं, हो. ती म्हणाली, मग पावसाळ्यापुरतंच. पावसाळा आमच्याकडे चार महिने असतो, हे तिलाही माहीत आहे.

पण साखरेचा दोष बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. लोह, धूर, चरबी वाघालाही बाधू शकतील. जीसी वाघाला बाधणार नाही, कारण ते त्याचं स्वतःचंच आहे. एवढं मांस फाडून खाणाऱ्या प्राण्यांना जे होत नाही ते आपल्याला का, या प्रश्नाचं एक खास माणसापुरतं उत्तर इथे आहे. म्हणून मला ही गोष्ट पटते, किंवा पटावीशी वाटते. दोन्हींतला फरक मला कळतो.

ताटाबाहेरही हे टिंब लोकांना गाठतं. माझ्या मावशीच्या हृदयातली एक झडप बदलली. मावशी जन्माची शिवराक, अंड्यालाही शिवत नाही. तिला बसवलेली झडप गायीच्या हृदयाभोवतालच्या आवरणाची आहे. घरच्यांनी ठरवलं, हे तिला सांगायचं नाही. मीही सांगितलेलं नाही, आणि ती हे वाचणार नाही अशा भरवशावर इथे लिहिते आहे. अशा झडपा दहा-पंधरा वर्षांत कडक होतात, त्यांच्यावर चुना साचतो. त्यामागे झडपेवरच्या प्राण्याच्या साखरांवर, जीसीवरही, रुग्णाच्या रक्ताचा हा राग एक कारण आहे, असं २०२२ साली बऱ्याच रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आलं. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडमध्ये जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय पहिल्यांदा एका जिवंत माणसाला बसवलं. त्या डुकरात १० जनुकांचे फेरफार होते, आणि मुद्दाम बंद केलेल्यांमध्ये आपलं सीएमएएचही होतं. डुकराचं टिंब पुसून त्याला या एका बाबतीत माणूस केलं होतं. रुग्ण दोन महिने जगला. पुढेमागे मावशीसारख्यांच्या झडपाही बिनटिंबाच्या जनावरांच्या येतील. गाय तरीही गायच राहील, आणि मावशीला तरीही सांगायचं नाहीच.

परवा काकांकडे गेले होते. ऐंशी ओलांडली आहे. कुळागरात अजून उतरतात, पण हातात काठी, आणि झावळ उचलायची ती काठीने उलटवून. डॉक्टरांनी गेल्या वर्षापासून मटण महिन्यातून एकदा असं सांगितलंय. त्याचं कारण कोलेस्टेरॉल, माझी साखर नव्हे. काकूंनी त्यावर कोंबडीची शागोती काढली आणि काकांनी तिला नाव ठेवलं, 'खोटी शागोती'. मी म्हटलं, काका, कोंबडीत घोडा नसतो. मग सगळं सांगावं लागलं. सर्पाच्या औषधापासून डॉक्टरांनी स्वतःच पिऊन बघितलेल्या साखरेपर्यंत. ऐकताना त्यांनी हिशेबाची वही मिटली नाही, बोट मधे घालून ठेवलं.

"म्हणजे घोडो अजून म्हज्यांत आसा?" त्यांनी विचारलं.

औषधातला गेला, म्हटलं. पण महिन्याच्या महिन्याला तुम्ही नवा आणता. त्या शास्त्रज्ञांनी तर खाल्लेली साखर कुठे कुठे जाते बघायला केससुद्धा तपासले होते.

काकांनी वहीतलं बोट काढून तो हात डोक्यावरून फिरवला. कपाळापासून मानेपर्यंत, मधे काहीच न लागता.

"म्हजे केंस खंय आसात तपासपाक?" ते म्हणाले, आणि काकूंना हाक मारून विचारलं, आयताराला किती दिवस उरले.